पांढरे बूट

भाकरीचं ताट शांतवन ओहोळांपर्यंत आलं आणि त्यांनी ते तसंच शेजारी, एस्तेरच्या हातात दिलं. तुकडा घेतला नाही. मागून द्राक्षरसाच्या प्याल्यांचं ताट आलं, तेही तसंच पुढे गेलं. प्रभुभोजनाच्या रविवारी ज्याचं मन साफ नसेल त्याने ताट पुढे द्यावं, ही मंडळीतली जुनी रीत. पण भायखळ्याच्या त्या चर्चमध्ये ती पाळणारा माणूस एस्तेरने आजवर पाहिला नव्हता. तिला वाटलं, बाबांनी असं केलं तरी काय?

घरी आल्यावर आईने डोक्यावरचा पदरही खाली न घेता विचारलं, "काय केलंत वो हे, सगळ्यांदेखत?"

ओहोळांनी खाटेखालून खोका ओढला. आत पांढरे बूट होते, कोरे. जूनमध्ये एस्तेर नर्सिंगला जाणार होती आणि तिथे असेच बूट लागत. जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीत, हरताळ म्हणून गिरणीतून परत फिरताना त्यांनी लालबागच्या एका फुटलेल्या दुकानातून ते उचलले होते.

"मग त्यात काय? सगळं लालबाग नेत होतं," आई म्हणाली. "अन् पोरीला पाहिजेलच होते की."

"पोरीचं नाव मधी आणू नको, राहेल."

संध्याकाळी हिवाळे पाळक आले. चहा बशीत ओतत म्हणाले, "दंगलीत सैतान मोकाट असतो, शांतवनराव. त्याच्या तावडीत सापडलात."

"नाही, पाळकसाहेब. दुकानात मी होतो. त्याला कशाला उगाच बोल लावायचा?"

पाळकांना हसू आलं. मग ते गंभीर झाले. "देवाची क्षमा मागा आणि पुढच्या महिन्यात ताट घ्या."

"देवाची मागितली. दुकानदाराची राहिलीय."

दुकानदार दंगलीनंतर गावी निघून गेला होता. उपासना सुटली की ओहोळ खोका काखेत मारून लालबागला जात, कुलूप बघत आणि परत येत. एकदा एस्तेरही सोबत गेली. बंद दाराशी उभं राहून तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. उचलताना मनात काय होतं?"

त्यांनी खोका दुसऱ्या काखेत घेतला.

"तेच धुंडतोय गं. आधी वाटलं, तुझे पाय होते. पण नाही. हात आधी गेला. तुझे पाय मागून आठवले, हाताला कारण पाहिजे म्हणून."

एस्तेरला राग आला नाही. उलट, ते बूट जणू तिनेच चोरले असावेत असं जे ओझं ती मनात वागवत होती, ते तिथेच उतरलं.

एका रविवारी कुलूप निघालेलं दिसलं. शेट रिकाम्या फळ्या पुसत होता. बूट पाहून तो हसतच सुटला. "क्या चाचा! सगळा माल गेला, परत आणणारे तुम्ही एकटेच. राहू दे, मुलीला घालू दे."

"नको शेट. चोरी केलीय मी. तेवढं ऐकून घ्या."

शेटचं हसू थांबलं. हातातलं फडकं त्याने खाली ठेवलं. "ऐकलं," तो म्हणाला, आणि खोका रिकाम्या फळीवर ठेवला.

पुढच्या प्रभुभोजनाला ओहोळांनी तुकडा घेतला. एस्तेर जूनमध्ये कुणाचे तरी वापरलेले कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करून नर्सिंगला गेली.

चार वर्षांनी नव्या राज्याचा पहिला दिवस रविवारीच आला. भायखळाभर तोरणं होती. चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. ओहोळांना शिवडीच्या कबरस्थानात मातीत ठेवून थोडेच दिवस झाले होते.

ताट एस्तेरपुढे आलं. तिने पाहिलं, तिचा हात आधीच निघाला होता. तिने तो थांबवला. थोडा वेळ त्याच्याकडे, आणि मग स्वतःच्या आत, नीट पाहिलं. ताट धरून उभा असलेला माणूस खोकला.

तिने तुकडा घेतला. मग मधल्या, बाबांच्या रिकाम्या जागेवरून हात लांब करून ताट आईकडे दिलं.