मोरपिसाची वडी

"थोडी हळद आणखी," कडूबाई स्वतःशीच म्हणाली आणि वाटीत चिमूटभर टाकली.

वाटीत कात होता, गेरू होता, खोबरेल तेलाचे चार थेंब होते. बोटानं कालवून तिनं तो रंग डाव्या हाताच्या पाठीवर लावला आणि हात उन्हात धरला. मनगटाची कातडी आणि रंग, दोन्ही एक दिसायला लागले. जमलं! उजव्या अंगठ्याखाली एक, बोटांच्या पेरांवर तीन आणि डाव्या हातावर विड्याच्या पानाएवढा एक, एवढे पांढरे डाग झाकायचे होते. पाहुणे चार वाजता येणार होते.

"माय, हळद काहून टाकली?" गोपिका दारातून म्हणाली. "साबण लागला की हळदीचं काय होतं, तुला ठाऊक न्हाई का?"

"आज साबणाला हातच लावायचा न्हाई मला. तू जा, जल्दी साडी नेस. निळी नेस."

पहिला डाग पाच वर्षांपूर्वी कापूस वेचताना दिसला होता. तेव्हा साबण करणं कशाशी खातात हेही कडूबाईला माहीत नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं की बाई, हे कुणाला लागत नाही, घाबरू नका. डॉक्टरला काय जातंय सांगायला! अख्ख्या जाफराबादला समजावत कोण फिरणार? गोपिकाच्या दोन सोयरिकी ह्याच हातांपायी मोडल्या. पोरगी नाकीडोळी छान, बारावी झालेली, पण लोक चहा घेताना कप कोणाच्या हातात आहे ते आधी बघायचे. आता तिला तेविसावं लागलं होतं. आणि गेल्या महिन्यात कडूबाईनं जे पाहिलं, त्यानं तिच्या काळजाचं पाणी झालं होतं. सकाळी उठून, तोंडही न धुता, गोपिका दारात उन्हात उभी राहून स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होती. एक दिवस नाही, रोज. हे तिसरं स्थळ हातचं गेलं तर पोरगी अशीच हात बघत म्हातारी होईल, ह्या भीतीनं कडूबाईला अन्न गोड लागत नव्हतं.

साबण हीच काय ती कडूबाईची जिवाभावाची कमाई. चार वर्षांपूर्वी बचत गटाच्या दहा बायांना तालुक्याला नेऊन शिकवलं होतं. कास्टिक सोड्याचं पाणी करायचं, ते निवलं की सरकीच्या आणि खोबऱ्याच्या तेलात ओतून घोटायचं, लाकडी साच्यात जमवायचं, दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि चाळीस दिवस फळीवर मुरू द्यायच्या. चुलीची गरजच नाही. पहिल्याच खेपेला पिवळ्या रंगासाठी हळद घातली आणि ती घातल्याबरोबर लालभडक झाली. बाया घाबरून मागं सरल्या. कडूबाई हसली. "लाजला गं बाई साबण!" मग तिनं त्या लाजेचाच धंदा केला. पांढऱ्यात लाल हळद, निळीचा निळा, गेरूचा तांबडा अशा धारा सोडायच्या आणि स्वेटरची सुई तळापर्यंत घालून एका दमात फिरवायची, की मोरपीस उमटायचं. बाकीच्या नऊजणींनी सुया मोडल्या, पण कुणाला ते साधलं नाही. गटाच्या अध्यक्ष गोजरबाई म्हणायच्या, "कडूबाईच्या हातात मोर हाय."

बरोबर चारला पिंपळगाव रेणुकाईची मंडळी जीपमधून उतरली. मुलाची आई चांगुणाबाई आणि मुलाचा मामा. मुलगा राधाकिसन जालन्याला कारखान्यात होता, त्यानं गोपिकाला आधीच पाहून होकार कळवला होता. आज फक्त मोठ्यांचं बोलणं व्हायचं होतं. कडूबाईनं धीर करून स्वतःच चहा दिला. चांगुणाबाईंनी कप घेतला आणि हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. कडूबाईच्या जिवात जीव आला.

"देवीच्या यात्रेत मोरपिसाची वडी घेतल्ती मी," चांगुणाबाई म्हणाल्या, "ती तुम्हीच करता म्हणं? खरं सांगू का, दोन महिने वापरलीच न्हाई. देव्हाऱ्यापाशी ठेवून दिल्ती!"

झालं! कडूबाईच्या नवऱ्याची, रायभानची छाती फुगली. "मंग दाखव की करून पाहुण्यास्नी," तो बायकोला म्हणाला. "उद्यासाठी कास्टिकचं पाणी निवतच ठेवलंय न्हाई का तू?"

कडूबाईनं डोळे मोठे केले, मान हलवली, खोकून पाहिलं. पण बायकोच्या डोळ्यातलं नवऱ्याला कळत असतं तर आणखी काय हवं होतं! त्यानं साचा आणून ओसरीत ठेवलासुद्धा.

गटाचे रबरी हातमोजे खुंटीला होते, एकच जोडी. ते चढवले तेव्हा तिला वाटलं, देवानं वाट काढली. रंगही झाकला, हातही झाकले. तिनं तेलात पाणी ओतलं, रवीनं घोटलं. रवी उचलली की धार वर उमटून राहायला लागली तसं तिनं रंग वेगळे केले, पांढरं साच्यात ओतलं, वरून लाल, निळ्या, तांबड्या धारा सोडल्या. सुई घातली. अर्ध्या साच्यापर्यंत पिसं उमटत गेली आणि मामासुद्धा चहा विसरून वाकून बघू लागला.

"मला करू द्या की एक," चांगुणाबाई लहान पोरीसारख्या म्हणाल्या.

आता नाही कसं म्हणायचं? आणि उघड्या हातानं कसं करू द्यायचं, कास्टिक पोळतं. कडूबाईनं मोजे काढून त्यांना घातले, सुई दिली आणि आपले हात पदराखाली घेतले.

चांगुणाबाईंनी सुई वरवरच फिरवली. रंग एकमेकांत बरबटायला लागले. साबण तर घडीघडीला घट्ट होत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर अख्ख्या साच्याचा चिखल झाला असता. तिथं कडूबाईचा घात झाला. चार वर्षांत तिनं एकही मोर वाया जाऊ दिला नव्हता.

"अवो तळाला, तळाला लावा सुई!" म्हणत तिनं हात घातला. उघडा हात.

साबण बोटांवर आला. अंगठ्याखाली आला. ती हात ओढून घेईपर्यंत डाग लाल झाले होते. जेवढे पांढरे होते, जिथं होते, तेवढेच आणि तिथंच, कुंकू सांडल्यासारखे लाल.

"अगं बाई, भाजलं की!" चांगुणाबाईंनी मोजे फेकले, तांब्या उचलला, कडूबाईचा हात धरून त्यावर पाणी ओतलं. कडूबाई हात सोडवून घेत होती आणि ती भली बाई सोडत नव्हती. स्वतःच्या पदरानं पुसत होती, माया करून चोळत होती. कात गेला, गेरू गेला, हळद गेली. खाली पांढरं निघालं.

मामानं नजरेनं आपल्या चपला शोधल्या. रायभान मान खाली घालून साच्याकडे बघत राहिला.

चांगुणाबाईंनी हात अजून सोडला नव्हता. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मग आवाज उतरवून, जवळजवळ गयावया केल्यासारखं म्हणाल्या, "ह्या साबणानंच झालं असंल ना? रक्तातलं न्हाई ना, बाई?"

त्यांनाही पोरगी आवडली होती. त्या दार उघडून देत होत्या. कडूबाईला ते दार दिसलं आणि त्या दारातून आपलं काय बाहेर जाणार तेही दिसलं. तिनं गोपिकाकडे पाहिलं. निळ्या साडीत ती स्वतःचे हात पदरात गुंडाळून उभी होती.

"व्हय," कडूबाई म्हणाली. "साबणानंच. कास्टिकनं झालं."

"माय!" गोपिका ओरडली. "खोटं काहून..."

"तू गप!"

चांगुणाबाईंनी मोठा श्वास सोडला. "मंग हे काम आजपासून बिलकुल सोडायचं, विहीणबाई," त्या म्हणाल्या.

विहीणबाई! हा शब्द ऐकायला कडूबाईनं किती नवस बोलले होते. तिनं मान हलवली. तेवढ्यात साच्यात साबण जमून गेला. अर्ध्या भागात मोर आणि अर्धा बरबटलेला.

गोष्ट जीपबरोबर पिंपळगावला गेली आणि आठवड्याच्या बाजाराला परत जाफराबादला आली. साबणानं कोड फुटतं. दुकानदारांनी वड्या परत पाठवल्या. गोजरबाई आल्या त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"कडूबाई, तू असं बोलली?"

"बोलले."

"डॉक्टरकडं तुला मीच नेल्तं ना? दहा बायांच्या पोटावर पाय दिलास तू."

कडूबाईनं त्यांचे पाय धरले. गोजरबाईंनी पाय सोडवून घेतले आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर त्या घरासमोरून जाताना मान वळवूनच गेल्या.

लग्न चाळिसाव्या दिवशी झालं. रुखवतात काय काय मांडायचं ह्याची यादी करताना चांगुणाबाईंचा निरोप आला होता, साबण तेवढा नको. लग्नात सगळे कडूबाईशी गोड बोलले. सुई तिनं गोधडीच्या घडीत ठेवून दिली, ती पुन्हा काढली नाही.

शेवटच्या साच्याच्या वड्या फळीवर तशाच होत्या. लाल हळद मुरून मातकट पिवळी झाली होती. फुकटही कुणी घेईना, म्हणून कडूबाईच त्या एकेक करून वापरायला लागली. बरबटलेल्या वड्या आधी संपवल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या दुकानात फोन आला.

"सगळे बरे हायेत, माय," गोपिका म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आज पण पाहिले सकाळी. हात साफ हायेत. अजून तरी."

"रोज बघू नको गं," कडूबाई म्हणाली.

"बरं," गोपिका म्हणाली. दोघींनाही ठाऊक होतं की ती बघणार.

घरी येऊन कडूबाई मोरीत बसली. वडी झिजून इतकी पातळ झाली होती की बोटांत धरवत नव्हती. तिनं ती उजेडाकडे धरली. मोरपीस अजून होतं, अगदी शेवटच्या पापुद्र्यापर्यंत. सुई तळापर्यंत घातली होती ना तिनं. मग तिनं हात ओले केले आणि ती वडी दोन्ही हातांवर सावकाश फिरवली.