रिमोटमधली नीळ

"नुसतं बोट लावल्यानं रिमोट मरतो का हो, काका?"

दीपानं एका दमात विचारून टाकलं. रेश्मा आणि शुभांगी दुकानाबाहेर सायकली धरून खुसखुसत होत्या. 'हिंमत असेल तर विचारून दाखव,' ही पैज त्यांचीच. सुप्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या राधाकृष्णकाकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बोटानं? मग माझ्या दुकानातून रोज मयत निघंल की!"

बाहेर हसू फुटलं. दीपाला मात्र हसू येईना. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, जुन्या मारुतीला नगरहून अलार्म बसवून आणला होता. रिमोट एकच. परवा आप्पांनीच तिला फर्मावलं, "जा, गाडी उघड." तिनं दाबला, काही होईना. शेवटी आप्पांनी किल्लीनं दार उघडलं आणि गाडी गल्लीभर बोंबलत सुटली. माणसं जमली. आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या पोरीनं दाबून दाबून वाट लावली! नेवाशाचं विज्ञान प्रदर्शन बंद!" दीपानं तिथंच कान धरून माफी मागितली. मैत्रिणींना दाखवायला ती रोज दाबायचीच, मग नाही कसं म्हणणार?

"सेल बदललास?" काकांनी विचारलं.

"नवा टाकला. तरी दिवा लागत नाही."

काकांनी मीटर लावला. "सेल बराबर हाय. म्हंजी दुखणं पोटात. घे, खोल."

स्क्रूला हात लावायची तर आप्पांची सक्त मनाई. तिनं बाहेर पाहिलं. शुभांगीनं भुवया उडवल्या. झालं! झाकण निघालं. बटणाखाली निळी खपली.

"पाण्यात पडलावता," काका म्हणाले. "अन् साध्या न्हाई, निळीच्या."

दीपाचा हात थांबला. घरात निळीत बुडायचे ते फक्त आप्पांचे कंपनीत घालायचे पांढरे शर्ट. रविवारी. आणि रविवारीच तिनं विचारलं होतं, "रिमोट उन्हात का ठेवलाय?" "असू दे गं," आई घाईनं म्हणाली होती, आणि आप्पांनी पेपर तोंडासमोर धरला होता.

म्हणजे दोघांनाही माहीत होतं.

तिनं स्पिरिटनं, जुन्या ब्रशनं एकेक डाग घासून काढला. इवलासा लाल दिवा लागला. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. दीपा रिमोट घेऊन सायकलवर बसली.

दारातच तिनं बटण दाबलं. गाडी टुंक करून बोलली. आप्पा खूश होऊन बाहेर आले. "वा! काय झालं होतं?"

"आत नीळ होती, आप्पा."

आप्पांचा हात आपसूक शर्टाच्या खिशावर गेला. आईनं पदर तोंडाला लावला. "मी म्हनलंवतं ह्यांना, पोरीचं नाव नका घेऊ म्हनून..."

"मग गल्लीत का नाही बोललीस, आई?"

दीपानं रिमोट दप्तरात टाकला.

"मी नेवाशाला जाणार. हाच रिमोट मांडणार, आणि बिघाड कशानं झाला विचारलं की खरं तेच सांगणार. तोवर किल्लीनं उघडताना गाडी बोंबलली, तर गल्लीला कारण तुम्ही सांगा."