जमनाबाईंच्या हातचं खाद्य

घरचं ते चांगलं आणि बाजारचं ते वाईट, असं आपण सगळेच म्हणतो. लोणच्याबद्दल म्हणतो, पिठाबद्दल म्हणतो. शहराबाहेर, हेब्बाळच्या पलीकडे राहणारे जयसिंगराव तेच कोंबड्यांच्या खाद्याबद्दल म्हणत, आणि त्यावर कुणी उलट बोललेलं त्यांना खपत नसे.

कारण ते खाद्य जमनाबाईंचं होतं.

जमनाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या परसात गावठी कोंबड्या असत. बायको गेल्यावर जयसिंगरावांना त्या कोंबड्यांकडे बघवेना, म्हणून त्यांनी त्या देऊन टाकल्या. मग घर खायला उठलं. तेव्हा मागे शेड घालून त्यांनी ब्रॉयलरची पिल्लं आणली. खाद्य मात्र बायकोचंच ठेवलं: मका, नाचणी, तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि वर शेवग्याचा पाला. ते कालवताना त्यांना बरं वाटे.

गिऱ्हाईकही मिळालं होतं. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या आसावरीनं आपल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर ‘घरच्या खाद्यावरची कोंबडी’ असं जाहीर करून सगळी पिल्लं आधीच सांगून ठेवली होती.

आणि तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बसू लागली.

त्याच सुमारास मल्लेश्वरमहून मेहुणी आली. विठाबाई, जमनाबाईंची धाकटी बहीण. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, जिभेनं तिखट.

“दाजी, ही पिल्लं बसून का आहेत?”

“थंडी आहे. उठतील.”

“थंडीनं पाय वाकडे होतात होय? डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं. खाद्य बदला म्हणतो. त्याला काय कळतंय! तुझ्या अक्कानं जन्मभर हेच घातलं. एक कोंबडी कधी लंगडली नाही.”

“त्या गावठी होत्या, दाजी. दिवसभर परसात हिंडायच्या. किडे, गोगलगायी, चुन्याचे खडे, काय वाट्टेल ते टिपायच्या. ऊन खायच्या. अक्का अर्धंच खाद्य घालायची, उरलेलं अर्धं परस घालायचं! यांना तुम्ही कोंडून ठेवलंय. त्यात ही जात भराभर वाढणारी. मांस चढतंय आणि हाडांना काही मिळत नाही.”

“मग काय, पोत्यातलं विष घालू? हॉर्मोन असतात त्यात. फोनवर आलंय.”

“फोनवर काय, उद्या कोंबडी दूध देते म्हणून येईल! हॉर्मोन घालत नाहीत खाद्यात. औषध असतं कधी कधी, ते खरं. म्हणून पोत्यावरची चिठ्ठी वाचायची, बिनऔषधाचं मागायचं, तारीख बघायची, वास घ्यायचा. दुकानदार काही देव नाही. पण तुम्हीही नाही. शेडच्या मधोमध जाळी बांधा. इकडे तुमचं घाला, तिकडे पोत्यातलं. मग डोळ्यांनी बघा.”

“सरी, बरं, बांधतो!” जयसिंगराव तडकून म्हणाले. “एकदा जिरवतोच तुझी.”

त्यांनी दोन्हीकडे सारखीच पिल्लं ठेवली, बसलेली आणि उभी, मुद्दाम मिसळून. आपलं खाद्य जिंकणार याची त्यांना पक्की खात्री होती.

आठवडा सरता सरता पोत्याच्या बाजूची पिल्लं भांडी उलटवू लागली. काही बसलेलीसुद्धा उठली. इकडे मात्र रोज नवी पिल्लं बसत होती. नवल म्हणजे खाद्य ती चवीनं खात. भांडी चाटूनपुसून साफ.

एका सकाळी एक पिल्लू पंख जमिनीला टेकवत, सरपटत भांड्यापर्यंत आलं आणि पोटभर खाऊन तिथंच कलंडलं. जयसिंगरावांनी ते उचललं. गळ्याखालची पिशवी टच्च भरलेली होती. पाय धरला, तर तो रबरी नळीसारखा लवला.

पोट भरलेलं आणि तरी उपाशी! आणि तेही माझ्या हातानं!

त्यांना जमनाबाई आठवल्या. खाद्य टाकून त्या कधी लगेच घरात येत नसत. तिथंच बसून बघत राहत. एखादी कोंबडी मरगळली की दुसऱ्या दिवशी खाद्य बदललेलं असे. त्या कालवत होत्या कोंबडीकडे बघून, आणि आपण इतके दिवस फक्त जमनाबाईंकडे बघून कालवतोय!

पिल्लू मांडीवर घेऊन त्यांनी एका हातानंच जाळीच्या गाठी सोडल्या आणि सगळ्यांपुढे पोत्यातलं खाद्य ठेवलं.

पुढे काही पिल्लं सावरली, काही नाही. जयसिंगराव स्वतः डॉक्टरकडे गेले. घरचं खाद्य वर्ज्य नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. सोयापेंड घाला, खनिजं आणि कॅल्शियम मोजून घाला, मका कोरडा आणि बिनबुरशीचा घ्या, मग घरचंही चालतं. अंदाजानं चालत नाही, एवढंच. लहान पिल्लांना पोत्यातलं आणि वाढलेल्यांना मोजून केलेलं घरचं, असं त्यांनी पुढच्या खेपेसाठी ठरवलं.

ठरलेल्या रविवारी आसावरी आली.

“काका, घरच्याच खाद्यावरच्या ना?”

“नाही. पोत्यातलं घातलंय.”

ती थबकली. “अहो, मी ग्रुपवर सगळ्यांना सांगून बसलेय! लोक कॅन्सल करतील.”

“करू देत. मिसेसच्या नावावर खोटं विकायचं नाही मला. आत या, दाखवतो.”

शेडमधली पिल्लं तिच्या पायांत घुटमळली. कोपऱ्यात काही वेगळी ठेवली होती, गवतावर बसलेली.

“ती आजारी आहेत का?”

“ती घरच्या खाद्यावरची. उठलीच नाहीत. ती कुणालाच द्यायची नाहीत.”

आसावरी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं फोन काढला. “फोटो टाकू का ग्रुपवर?”

“टाका की,” जयसिंगराव म्हणाले, “पण दोन्हींचा टाका.”

चार-पाच जणांनी नको म्हटलं. बाकीच्यांनी कोंबड्या नेल्या.

वाचकहो, लेकरांना, म्हाताऱ्यांना, जनावरांना आपणही मायेनं भरवतो आणि भरलेलं पोट बघून समाधान मानतो. घरचं की बाजारचं, हे नंतर बघू. आधी खाणाऱ्याकडे बघायला शिकू या. वाढणाऱ्याची माया खरी की नुसती सवय, हे खाणाऱ्याच्या अंगावरच दिसतं. आणि ते दिसल्यावर हातची सवय बदलायला लाजू नये. जी माणसं आपल्याला सोडून गेली, त्यांनीही तेच केलं असतं!