डिकीत मावेल एवढं

"जगाचं वाटोळं केलं ते मोठ्या गाड्यांनी," असं म्हणत आर्किटेक्टने वॉकरचा तिसरा पाय डिकीत कोंबला. तेवढ्यात पहिला बाहेर आला.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे वाक्य ऐकायला तिघंजण होते: चाकाच्या खुर्चीत बसलेले त्याचे सासरे, औषधांची पिशवी धरून उभी असलेली बायको आणि खुर्ची परत न्यायची म्हणून थांबलेली सिस्टर. सासऱ्यांचा डावा पाय मांडीपासून खालपर्यंत प्लास्टरमध्ये होता. अंगठा तेवढा बाहेर. खुर्चीच्या फळीवर तो पाय तोफेसारखा समोर रोखलेला होता आणि नेम बरोबर गाडीवर होता.

"गाडी छान आहे हो," सिस्टर म्हणाली. "मागचा भाग नंतर येणार आहे का?"

बायकोने पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधायला सुरुवात केली.

गाडी खरोखरच छान होती. इलेक्ट्रिक, दोन दारांची, सायीच्या रंगाची. दारांच्या मुठी पत्र्यात लपलेल्या, मालक जवळ आला की लाजत बाहेर येणाऱ्या. आत एकही बटण नव्हतं. बटण म्हणजे डिझाइनरने कबूल केलेला पराभव, असं आर्किटेक्ट म्हणत असे. सीटचं कापड जुन्या बाटल्यांपासून बनवलेलं होतं आणि ही माहिती ऐकून घेतल्याशिवाय त्या सीटवर कुणालाही बसता येत नसे. गाडी घेतल्यापासून वर्षभरात त्याने एकूण एक नातेवाइकाला छोट्या गाडीचं तत्त्वज्ञान ऐकवलं होतं. शहरात माणसाला जागा लागते किती? मागची सीट ही प्रसंगापुरती असते. मोठी डिकी म्हणजे अडगळीला दिलेलं आमंत्रण. त्याच्या थोरल्या साडूंची बेकरी होती आणि पाव-बिस्किटं वाहून नेणारी एक जुनी, उंच, चौकोनी व्हॅन होती. तिच्याबद्दल तर त्याने भर पंगतीत, "साडूभाऊ, ही गाडी नाही, चाकं लावलेली कोठीची खोली आहे," असं मत दिलं होतं. सगळ्यांत मोठ्याने साडूच हसले होते.

त्यामुळे डिस्चार्ज मिळणार असं कळल्यावर सासऱ्यांच्या पलंगाशी उभं राहून त्याने जाहीर करून टाकलं होतं, "आप्पांना घरी मी नेणार. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. झोप लागेल त्यांना." खोलीत क्षणभर शांतता पसरली होती. त्याला ती कौतुकाची वाटली होती.

आता त्याने वॉकर भिंतीला टेकवून ठेवला आणि पुढचं दार उघडलं.

"आप्पा, पुढेच बसा. सीट पूर्ण मागे घेतलीय."

त्याने आणि सिस्टरने मिळून सासऱ्यांना उचललं. कंबर आत गेली. पाय जाईना. तिरका केला तेव्हा दारात अडकला, सरळ केला तेव्हा दार लागेना. शेवटी पाय आत गेला, पण वरच्या अंगाने. टाच डॅशबोर्डवर टेकली आणि प्लास्टरबाहेरचा अंगठा मधोमध असलेल्या मोठ्या, देखण्या पडद्याला लागला.

"पाठीचा मसाज सुरू करत आहे," गाडी गोड आवाजात म्हणाली.

सासरे एका लयीत थरथरू लागले. प्लास्टरसकट.

"अरे, बंद कर ना ते!" बायको म्हणाली.

"करतोय. आप्पा, पाय जरा बाजूला घ्या."

"तो बाजूला घेता आला असता तर आपण या हॉस्पिटलात कशाला आलो असतो?"

बंद करायला बटण नव्हतं आणि पडदा पायाखाली होता. आर्किटेक्ट पलीकडच्या दाराने आत घुसला, गुडघ्यावर उभा राहिला, सासऱ्यांच्या टाचेखालून बोट घालू लागला. तेव्हा त्यांचा चेहरा त्याला जवळून दिसला. त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि खालचा ओठ दातांत धरला होता. त्यांना दुखत होतं, आणि दुखतंय हे त्याला कळू नये, याची ते काळजी घेत होते.

सगळ्यांनी मिळून त्यांना परत खुर्चीत बसवलं. कपाळावरचा घाम टिपत सासरे म्हणाले, "माझाच पाय लांब आहे, जावईबापू. तुमच्या गाडीची काही चूक नाही."

आर्किटेक्टचे कान तापले. गाडीला कुणी नावं ठेवली तर द्यायची उत्तरं त्याच्याकडे तयार होती, त्यांतली बरीच चांगलीही होती. पण इथे गाडीला कुणी नावं ठेवलीच नव्हती.

"खुर्ची वर पाहिजे हो मला," सिस्टर म्हणाली. "दुसरं कुणी आहे का? नाहीतर ॲम्ब्युलन्स सांगते."

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने टोकाच्या जाड खांबाकडे पाहिलं आणि मग घाईने जमिनीकडे. त्याने फोन काढला. साडूंचा नंबर त्याने 'टेम्पो' या नावाने साठवून ठेवला होता. ते नाव पडद्यावर उमटलं, तसा त्याने फोन जरा स्वतःकडे वळवला.

रिंग गेली. ती खांबामागे वाजली.

वाजली न वाजली तोच कुणीतरी दाबून टाकली. आर्किटेक्ट खांबाला वळसा घालून मागे गेला. कोपऱ्यात, भिंतीला जवळजवळ चिकटून, ती चौकोनी व्हॅन उभी होती. मागची दारं सताड उघडी. आतली सीट काढून तिथे गादी घातली होती, वर धुतलेली चादर, आणि पाय ठेवायला एक लोड. ताज्या पावाचा वास येत होता. साडू हातात फोन धरून, डब्यातलं बिस्किट चोरताना सापडलेल्या पोरासारखे उभे होते.

"तुम्ही इथे?"

"सहज," साडू म्हणाले. "कँटीनला पाव द्यायचे होते."

"गादी घालून?"

साडूंनी गादीकडे वळून पाहिलं, जणू ती त्यांनाही आत्ताच दिसत होती.

"पावाला जपावं लागतं रे," ते म्हणाले.

एवढ्यात मागून सासऱ्यांचा आवाज आला, "आले का थोरले? म्हटलं, आज कुठे राहिले!"

आर्किटेक्ट जागीच उभा राहिला. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, तेव्हा परतताना साडू सहज भेटले होते. छोट्या गाडीच्या मागच्या सीटवरून बाहेर निघता येईना म्हणून रडकुंडीला आलेल्या सासूबाई तिथून पुढे व्हॅनमधून गेल्या होत्या. बायकोने पुस्तकांचं कपाट घेतलं, तेव्हा साडूंचं त्याच बाजूला काम निघालं होतं. वर्षभर हा माणूस त्याच्या मागून येत होता, आणि त्याला वाटत होतं, शहरच लहान आहे.

"पण खांबामागे कशाला लावलीत?" त्याने विचारलं. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक आला. "पुढे एवढी जागा पडलीय."

"सवय लागली," साडू चादरीची सुरकुती काढत म्हणाले. "तू म्हणाला होतास ना, फोटोत येते म्हणून."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. नवी गाडी आली त्या दिवशी सगळं घरदार तिच्यासमोर फोटोला उभं राहिलं होतं आणि आर्किटेक्ट म्हणाला होता, "साडूभाऊ, तेवढी व्हॅन पुढच्या गल्लीत घ्या ना, फ्रेम बिघडतेय." साडू व्हॅन घेऊन गेले होते. गल्लीतून चालत परत येईपर्यंत फोटो काढून झाला होता. तो फोटो अजून त्याच्या दिवाणखान्यात होता. सगळे होते त्यात. गाडी तर फारच सुंदर आली होती.

सासऱ्यांना उचलून गादीवर ठेवायला काहीच कष्ट पडले नाहीत. पाय लोडावर विसावला, तसा त्यांनी मोठा श्वास सोडला. वॉकर न दुमडता आत गेला. "चला, सुटले," म्हणत सिस्टर खुर्ची घेऊन लिफ्टकडे निघाली. बायको वडिलांच्या उशाशी जाऊन बसली. आर्किटेक्ट मागच्या दाराशी उभा राहिला, तिथल्या पत्र्यावर हात ठेवून. त्या पत्र्यावर हात ठेवायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "तो फोटो..."

"तिकडून चादर ओढ जरा," साडू म्हणाले.

त्याने चादर ओढली.

"जावईबापू," सासऱ्यांनी आतून हाक मारली.

तो आत वाकला. आता ऐकून घ्यावं लागणार, असं त्याला वाटलं, आणि खरं तर ते त्याला हवंच होतं. सासऱ्यांनी बाजूला चाचपून एक चप्पल उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

"ही डाव्या पायाची. सध्या काही कामाची नाही, नुसती मध्ये येते." मग दुसऱ्याला त्रास द्यायला संकोचणाऱ्या माणसासारखा त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या गाडीत मावेल का?"