शून्याच्या मागे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि सकाळच्या पावलांची मला अजूनही भीती वाटते. पावले जड असतात म्हणून नव्हे. भार झेलण्यासाठीच माझा जन्म झाला आहे. भीती कसली, ते सांगतो.

एका कारखान्यात मी घडलो. माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग आहे. तिच्यावर जितका भार पडेल, तितका तबकडीवरचा काटा पुढे सरकतो. रिकामा असताना काटा शून्यावर राहावा म्हणून माझ्या मागच्या बाजूला एक लहानसे दातेरी चाक आहे. तपासनीस बाईंनी माझ्यावर ठरावीक वजने ठेवून पाहिली, ते चाक हलकेच फिरवले आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. माझे ते पहिले कौतुक.

मला एका शिंप्याच्या घरी आणले, ते हौसेने नव्हे. त्याचे हृदय थकले होते. डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून नीट समजावले होते. मीठ कमी करायचे, रोज चालायचे आणि सकाळी चहाच्या आधी वजन करायचे. वजन एकाएकी चढू लागले, तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेले पाणी असते. तसे झाले तर वाट पाहत बसायचे नाही, लगेच यायचे.

सुरुवातीचे दिवस फार छान होते. शिंप्याने नवे बूट घेतले. गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप लावता लावता तो आपण किती चाललो ते सांगत असे. बायकोने मिठाची बरणी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली आणि स्वतःही अळणी जेवू लागली. मला शिलाई मशीनशेजारी मानाची जागा मिळाली. काटा जरासा मागे आला की सारे घर माझ्याकडे कौतुकाने पाही.

मग शाळेच्या गणवेशांची कामे आली. एक दिवस फिरणे चुकले. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिसऱ्या दिवसापासून लाजही वाटेनाशी झाली. बूट दाराआड गेले. मिठाची बरणी एकेक फळी खाली उतरली. शिंपी माझ्यावर चढताना आता खाली पाहण्याआधी डोळे मिटून घेई. तो मला घाबरू लागला होता.

त्याच्या हाताला एक जुनी सवय होती. कुणाचा कपडा घट्ट झाला, तर तो माणसाला कधी खजील करत नसे. "काही नाही, धुऊन आटलंय," असे म्हणून शिवण उसवायचा आणि सैल करून द्यायचा. एका सकाळी त्याने मला उलटे केले. अंगावरच्या कपड्यांचे वजन नको का वजा करायला, असे स्वतःशीच पुटपुटत त्याने ते दातेरी चाक थोडेसे फिरवले. माझा काटा शून्याच्या मागे जाऊन बसला.

"किती?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले.

"कालच्याइतकंच," तो म्हणाला.

त्या दिवसापासून माझ्या भीतीला सुरुवात झाली. त्याचा भार रोज वाढत होता आणि ते फक्त मला कळत होते. त्याच्या घोट्यांवर मोज्यांचे वळ खोल उमटू लागले. बोट दाबले, की खड्डा तसाच राही. सुईत दोरा ओवतानाही त्याला धाप लागे. आडवे झाले की श्वास कोंडे, म्हणून झोपताना तो उशीवर उशी घेई आणि मान दुखते असे सांगे. सकाळी मात्र चाक आणखी जरासे फिरवी. मला ओरडावेसे वाटे, पण मला आवाज नाही. मी जिवाच्या आकांताने करकरलो, तर त्याने मशीनचे तेल आणून माझ्या पोटात सोडले.

एकदा फरशी पुसताना बायकोने मला उचलून बाजूला ठेवले आणि ती थांबली. काटा शून्यावर नव्हता. तिने तळहाताने मला दाबून सोडले. काटा पुन्हा मागेच गेला. तिच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत राहिले. मग तिने चाक सावकाश फिरवून मला शून्यावर आणले.

"चढा," ती नवऱ्याला म्हणाली.

तो मशीनवरून उठला नाही. दिवसातून दोनदा तोलायला मी काय धान्याचं पोतं आहे का, अशी थट्टा त्याने केली. ती हसली नाही.

"मला भीती वाटते गं," तो अखेर हळूच म्हणाला.

"मलाही वाटते. पण गिऱ्हाइकांना सांगता तसं मला नका सांगू, कापड आटलंय म्हणून. चढा, मी धरते."

तो चढला. काटा थरथरत पुढे गेला, नेहमीची खूण ओलांडून गेला आणि बऱ्याच पुढे जाऊन थांबला. तिने रिक्षा बोलावली, त्याच्या पायात चपला सरकवल्या आणि दाराला कुलूप लागले.

मशीनच्या सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच होती. मी रिकाम्या घरात शून्यावर बसून होतो. तो परत आला नाही तर? मित्रांनो, वाट पाहणे मोजायला माझ्याकडे तबकडी नाही. मग शेजारीण किल्ली घेऊन आली. तिने टॉवेल घेतला, कपडे घेतले आणि मशीनवरचा त्याचा चष्मा घेतला. चष्मा डोळे उघडणाऱ्यालाच लागतो. त्या एका विचाराला मी धरून राहिलो.

तो परत आला, तेव्हा त्याची पावले बारीक झाली होती. दवाखान्यात अंगातले पाणी काढून टाकले होते. आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. घरी ते कुणी पुन्हा उच्चारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाकून आधी काटा शून्यावर आहे का ते पाहिले. मग डोळे उघडे ठेवून चढला.

"आज फिरायला जावंसं अजिबात वाटत नाहीये," तो उतरताना म्हणाला.

"वाटायला कोण सांगतंय? बूट घाला," बायको म्हणाली.

ती दाराशी उभी राहिली. तो कुरकुरत गेला आणि कुरकुरतच परत आला.

मित्रांनो, उत्साह रोज येत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. न आला तर घाबरू नका, तसेच निघा. आणि माझा आकडा पाहून भीती वाटली, तर ती कुणाजवळ तरी बोलून दाखवा, पण माझ्या पाठीवरच्या चाकाला हात लावू नका. मलाही रोज भीती वाटते. पाऊल पडते, स्प्रिंग ताणली जाते, काटा हलू लागतो. तो थांबेपर्यंत शिंपी, त्याची बायको आणि मी, तिघेही श्वास रोखून असतो.