डाव्या हाताला मैदान

पदकाची डाय म्हणजे पोलादाचा जाड ठोकळा, ज्याच्या तोंडावर चित्र कोरलेलं असतं. चित्र पदकाच्या बरोबर उलट. पदकावर जे उंच, ते डायमध्ये खोल. पदकावर जे उजवीकडे, ते डायमध्ये डावीकडे. डाय प्रेसमध्ये बसवायची, खाली धातूची चकती ठेवायची आणि दाब द्यायचा. बाबांनी चाळीस वर्षं अशा डाया कोरल्या. मी धातुशास्त्र शिकले, सहा वर्षं एका प्रयोगशाळेत पोलादाचे तुकडे मोडून पाहिले आणि मग बाबांच्या टेबलाशेजारी टेबल टाकून बसले.

पहिली चार वर्षं त्यांनी मला पदकांच्या फक्त मागच्या बाजू दिल्या. स्पर्धेचं नाव, वर्ष, पानांची कडा, सगळं मीच काढून मीच कोरायचे. या वर्षी पहिल्यांदा पुढची बाजू दिली. त्यांचा हात थरथरायला लागला होता. हे कोणी बोललं नव्हतं. कागदावर त्यांची पेन्सिल अजून चालायची, पण पोलादावर कोरणी एकदा घसरली की संपलं.

काम अ‍ॅथलेटिक्स संघटनेचं होतं, वार्षिक स्पर्धेची दोनशे चाळीस पदकं. बाबांनी एक धावणारी मुलगी काढून दिली. शेवटच्या सरळ पट्ट्यावर, छाती पुढे, एकच पाय जमिनीला टेकलेला. मागे धावपट्टीच्या रेघा, त्यांच्या पलीकडे मैदानाची कड आणि थोडं गवत.

"एवढी मोठी?" मी विचारलं. मुलगी जवळजवळ कडेला टेकत होती.

"गळ्यात घालायचंय ना ते. पूर्वी पदक डबीत घालून हातात द्यायचे. माणूस घरी जाऊन निवांत भिंगाने बघायचा. तेव्हा कडेपर्यंत देवळं, घोडे, रथ, काय वाटेल ते भरता यायचं. आता दहा हातांवरून फोटो काढतात. दहा हातांवरून दिसेल तेवढंच कोर."

मी चित्र पातळ कागदावर उतरवलं, नेहमीप्रमाणे कागद पालथा केला आणि पोलादावर टिपलं. कोरायला पाच आठवडे लागले. मधूनमधून मेणात ठसा घेऊन बाबांना दाखवायचे. ते नाक बघायचे, गुडघा बघायचे, "पोटरी अजून खोल घे," म्हणायचे. शेवटी मी मुलीच्या टाचेखाली माझी खूण कोरली, दोन बारीक आडव्या रेघा. आमच्याकडे पुढची बाजू कोरणाऱ्यालाच खूण करता येते. बाबांची खूण मोहरीएवढा त्रिकोण आहे. माझी तोवर कुठेच नव्हती. मग डाय भट्टीत तापवली, तेलात बुडवून कडक केली आणि नमुन्याचं पदक काढलं.

संघटनेच्या सेक्रेटरीबाई ते बघायला आल्या. ऐन उमेदीत त्या स्वतः चारशे मीटर धावायच्या. त्यांनी पदक खिडकीपाशी नेलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सुंदर झालंय. पण ही उलटी धावतेय."

"उलटी म्हणजे?" बाबा म्हणाले.

"मास्तर, धावपट्टीवर मैदान कायम डाव्या हाताला असतं. हिच्या उजव्या हाताला आहे."

मी पदक हातात घेतलं. मुलगी डावीकडे तोंड करून धावत होती. आपल्याला दिसत होती तिची डावी बाजू, आणि गवत तिच्या पलीकडे, म्हणजे तिच्या उजव्या हाताला. बाईंचं बरोबर होतं.

प्रेसवर काम करणाऱ्या काकांना सगळे दणका काका म्हणतात. ते चिंधीला हात पुसत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "उलटी पळाली तरी पहिली आलीये ना? बाकीच्या दिसतच नाहीत."

कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "हे पदक धावपटूंच्याच गळ्यात जाणार हो. पहिल्या दिवशीच कोणीतरी बोट ठेवेल. स्पर्धेला अठरा दिवस आहेत. नवी डाय होईल?"

"पाच आठवडे लागतील," मी म्हणाले.

"मग कॅटलॉगमधली ओतीव पदकं मागवते. वाईट नसतात. पण मला परवापर्यंत सांगा, तेही वेळ घेतात."

त्या गेल्यावर बाबांनी मूळ चित्र काढलं. त्यात मुलगी डावीकडेच धावत होती. ते खुर्चीत बसले.

"मी उलटंच काढलंय," ते म्हणाले. "आयुष्यभर स्वतःच कोरायचो, म्हणून काढतानाच उलटं काढायचो. कागद पालथा करायची वेळच यायची नाही. आणि तू तो केलास."

"तुम्ही डायचं चित्र दिलंत आणि मी ते पदकाचं समजले."

"मेणात बघून तरी कळायला हवं होतं."

"मलाही कळलं नाही."

"तू नवी आहेस. मला सुलटं-उलटं दोन्ही सारखंच दिसतं. आता हे अवगुणातच धरायचं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाईंना सांग, ओतीव घ्या म्हणून. आणि ही डाय दाराला लाव."

आमच्या कारखान्याचं दार वाऱ्याने आपटतं. ते उघडं ठेवायला तडा गेलेली एक जुनी डाय लावलेली असते. माझी पुढच्या बाजूची पहिली डाय तिच्या शेजारी जाऊन बसणार होती.

मी ती दाराला लावली नाही, टेबलावरच ठेवून बघत बसले. डायवरून दुसरी डाय काढूनही उपयोग नव्हता. ठशावरून ठसा कितीही वेळा घेतला, तरी शेवटच्या पदकावर मुलगी त्याच बाजूला धावते. तिला वळवता येणार नव्हतं. मग बाकी काय बदलता येईल? डायमध्ये कोरून पदकावर भर घालता येते, काही काढता येत नाही. मी कागदावर मुलीचा आकार काढला आणि तिच्याभोवती धावपट्टीची अंडाकृती. मग बघणारा माणूस कुठे कुठे उभा राहू शकतो, त्या जागी ठिपके दिले. बाहेरून बघणाऱ्याला ती उजवीकडे धावताना दिसायला हवी. पण एक ठिपका मी मैदानाच्या आत दिला होता. तिथून बघितलं तर ती डावीकडेच धावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद बाबांपुढे ठेवला.

"मैदान पलीकडे नाही, अलीकडे आहे. बघणारा गवतात उभा आहे. हिच्या पायांच्या पुढे मैदानाची कड कोरायची. मागे जी कड आहे, तो प्रेक्षकांचा कठडा होईल. गवताच्या जागी माणसं बसवायची. माणसांची डोकी गवतापेक्षा खोल कोरली की गवत त्यात जाईल."

बाबांनी चष्मा घातला. कागद आधी सरळ धरला, मग उलटा, मग उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहिला.

"पण डाय कडक झालीये," ते म्हणाले.

"कोळशाच्या भुकटीत पुरून तापवते आणि भट्टीतच हळूहळू निववते. दीड दिवसात मऊ होईल. मग कोरून पुन्हा कडक करायची."

"दुसऱ्यांदा? तडकेल."

"तडकू शकेल. तडकली तर दाराला लावू."

दणका काका मागून म्हणाले, "शास्त्रज्ञबाई जिद्दीला पेटल्या. मास्तर, भट्टी लावू का?"

"मला काय विचारतोस? डाय तिची आहे," बाबा म्हणाले.

मी बाईंना फोन केला. त्यांनी आठवडाभर थांबायचं कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी डाय मऊ झाली. मी पायांपुढची कड कोरायला घेतली आणि पहिल्याच तासात माझी खूण त्या खोल कोरकामात नाहीशी झाली. कड दोन दिवसांत झाली. मग गर्दीकडे वळले. पहिली बारा डोकी कोरून मेणात ठसा घेतला. बारा वाटाणे ओळीत ठेवल्यासारखे दिसत होते.

"ही माणसं नाहीत, हा हिशोब आहे," बाबा म्हणाले. "एक पुढे वाकलेला हवा, एक शेजाऱ्याशी बोलणारा, एकाची टोपी सरकलेली."

"मग तुम्ही कोरा."

"माझा हात बघतेस ना?"

हे त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं. मी म्हणाले, "बघते. नाक कोरायचं असतं तर दिलं नसतं. गर्दीला थरथर चालेल."

त्यांनी उठून डाय माझ्या टेबलावरच्या शिकंज्यातून काढली आणि आपल्या शिकंज्यात आवळली. तीन दिवस ते कोरत होते. कोरणी घसरायची, तिथे कोणाचा तरी हात वर व्हायचा. माझ्या बारा वाटाण्यांनाही त्यांनी माना दिल्या. एकशे सहा माणसं झाली. मी भिंगाखाली मोजली, एकही दुसऱ्यासारखं नव्हतं.

कडक करण्याआधी मी म्हणाले, "आता खूण करा."

"कुणाची?"

"तुमची. किंवा दोघांची."

"गर्दीत कुणी सही करतं का?" बाबा म्हणाले. "पोरगी तुझी आहे. टाचेजवळ जागा उरलीये, कर तिथे."

मी माझ्या दोन रेघा पुन्हा कोरल्या.

भट्टी आठशे अंशांवर आणली. काकांनी लांब सांडशीने डाय उचलली आणि तेलात उभी सोडली. धूर निघाला. बाबा तेवढ्या वेळात दाराजवळ जाऊन उभे राहिले, जुन्या डायशेजारी. तेल शांत झाल्यावर काकांनी डाय पुसून दोरीला टांगली आणि छोट्या हातोडीने टिचकी मारली. तडा गेलेलं पोलाद बद्द वाजतं.

ही खणखणीत वाजली.

"पुन्हा मार," बाबा दारातून म्हणाले. काकांनी पुन्हा मारली. "अजून एकदा."

"मास्तर, देऊळ आहे का हे?" काका म्हणाले, पण मारली.

सेक्रेटरीबाईंनी नवा नमुना खिडकीपाशी नेला. पदक छातीसमोर धरून त्यांनी डाव्या हाताने हवेत एक रेघ ओढली, मैदानाची कड असावी तशी. "आता मी आत उभी आहे," त्या म्हणाल्या. "आमचे कोच इथेच उभे राहून ओरडायचे." मग पर्समधून चष्मा काढून त्यांनी गर्दी पाहिली. "ही माणसं आधी नव्हती."

"उशिरा आली," बाबा म्हणाले.

दोनशे चाळीस पदकं स्पर्धेच्या तीन दिवस आधी गेली.

पुढच्या वर्षीचं चित्र बाबांनी परवा दिलं. भालाफेक आहे. वरच्या कोपऱ्यात त्यांनी एक बाण काढलाय आणि त्याच्याखाली लिहिलंय: पदकावर या बाजूला. आता प्रत्येक चित्रावर तसा बाण काढायचं ठरलं आहे. मागे थोडी मोकळी जागा सोडलीये. तिथे काय आहे, असं विचारलं तर म्हणाले, "ती माझी."