केरबाच्या मोबाइलातला आकडा

मी आकडा बोलतोय. मोबाइलावरच्या बुद्धिबळात केरबाच्या नावाशेजारी बसतो, त्यो. लोक मला रेटिंग म्हंत्यात. आधीच सांगतो, मला केरबा आवडत न्हाई. तुमी बी आवडत न्हाई. गप ऐका.

केरबा पवनानगर ते कामशेत जीप चालवतो. गाडी भरस्तवर सुटत न्हाई, मंग म्हातारं स्टेरिंगवर मोबाइल टेकवून खेळत बसतं. जल्मलो तवा मी बाराशे व्हतो, फुकटात. म्हयन्याभरात ह्या बेण्यानं मला सातशे नव्वदवर आपटला.

डाव लावताना दोन बटनं येत्यात. रेटेड दाबलं की जितल्यावर मी चढतो, हारल्यावर पडतो. कॅज्युअल दाबलं की कायबी होऊ दे, मी जागचा हालत न्हाई.

मंग शाळंतल्या अनिताबाई पुढच्या सीटवर बसाया लागल्या. त्या लय भारी खेळत्यात. "आबा, हत्ती पुढं घ्या. आता वजीर." त्यास्नी वाटायचं, आबा कॅज्युअल खेळतोय. लबाड रेटेड दाबून बसलेला! असा मी चढत चढत एक हजार बारा झालो. दुसऱ्याच्या डोक्यावर. मला माजीच किळस आली.

त्या दिवसापास्नं केरबानं रेटेडचं बटन सोडलं. पडू ने म्हनून मला जपून ठिवला, निस्ता दावायला. भाजीवाल्या कस्तुराबाईला बी दावला.

"एक हजार बारा? भाऊ, एवढी शुगर आसंल तर च्या बंद करा."

स्टँडवरच्या डायवरांचं ठरल्यालं, ज्याचं रेटिंग जास्त त्याची गाडी रव्वारी पयली. रव्वारी धरणावर तंबूत ऱ्हायला येनाऱ्यांची गर्दी आसती. पयली गाडी चटशिरी भरती. माज्या जिवावर म्हाताऱ्यानं धा रव्वार पयली गाडी काडली.

एका शनवारी सकाळी प्रज्ञेश आडवा आला. त्यो बी जीपवालाच, पोरगेला. त्याचं रेटिंग नवशे चाळीस, सोताचं.

"आबा, एक डाव होऊन जाऊ द्या. जिकंल त्याची उद्या पयली गाडी."

"व्हय. कॅज्युअल लाव."

"का? रेटिंग झिजतंय व्हय?"

सगळे डायवर खिदळले. रेटेड लागलं. केरबानं हळूच पुढच्या सीटकडं बगितलं.

अनिताबाई मोबाइलात वाकल्या. "आबा, हा रेटेड डाव आहे? मग आपण खेळायचो ते?"

केरबानं मला अंगठ्याखाली झाकला.

"मग आता माझ्याकडे बघू नका." बाईंनी तोंड फिरवलं.

आठराव्या चालीला केरबाचा राजा मेला. मी धाडकन एक हजारावर. मला काय वाटलं म्हंता? लय ग्वाड वाटलं.

"उद्या तुजी गाडी पयली," केरबा म्हनला.

प्रज्ञेशला कीव आली. "आबा, आनखी एक? कॅज्युअल लावतो, आरामात खेळा."

"रेटेड लाव."

"पडंल की वो!"

"पडू दे. कुटवर पडतो त्ये बगू दे मला."

तवापास्नं रोज पडतोय. आज मी आठशे चौतीस हाय. रव्वारी केरबा समद्यांच्या मागं गाडी लावतो, मला कुनालाच दावत न्हाई. आजून बी मला त्यो आवडत न्हाई. पर ह्ये आठशे चौतीस समदे त्याचे हायत, बाईंचा त्यात एक बी न्हाई.

आन तुमी काय दात काडताय? कॅज्युअल दाबून म्हयनाभर बसलाय, ठाव हाय मला. दाबा रेटेड. पडा.